रस्ते सुधारले की मग सायकल?

पत्र थोडक्यात असं : पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. त्यांची मुलगी यंदा नववीत गेली. शाळा घरापासून चारेक किलोमीटरवर, डेक्कनच्या बाजूला. सकाळी बाबा गाडीने सोडतात, दुपारी रिक्षावाले काका आणतात. आता मुलीने हट्ट धरलाय की मी सायकलने जाणार. वर्गातल्या दोघी-तिघीही तयार आहेत. बाबांचं म्हणणं, "रस्ते जरा सुधारू देत, मग बघू. नाहीतर अठराची झाली की स्कूटर घेऊन देतो." आजी म्हणतात, "आता ते पुणं राहिलं नाही." बाई स्वतः नव्वदच्या दशकात कॉलेजला सायकलनेच जायच्या. त्या लिहितात, "मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची छाती होत नाही. उद्या काही झालं तर सगळे मलाच विचारतील. हो म्हटलं तर बेजबाबदार, नाही म्हटलं तर भित्री. मी करू तरी काय?"

ताई,

तुमच्या पत्रात मी आधी अडकले ती बाबांच्या वाक्याशी. 'रस्ते जरा सुधारू देत, मग बघू.' ऐकायला किती समंजस! पण या अटीला तारीख नाही, आणि ती पुरी करणं ना मुलीच्या हातात आहे ना बाबांच्या. पुण्यात २००६ साली बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचा, पहिला टप्पा झाला, कात्रज-स्वारगेट-हडपसर. त्याच्या कडेने सायकलसाठी वेगळे मार्गही बांधले. नंतर त्यांच्यावर कुठे दुचाकी लागल्या, कुठे टपऱ्या आल्या, कुठे खणलेलं तसंच अर्धवट बुजवलं गेलं. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, चांगला शेकडो किलोमीटरच्या जाळ्याचा. त्याच महिन्यात मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकलीही आल्या, आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. तेव्हा तुमची लेक पहिलीत वगैरे असेल. आता शाळेची दोनच वर्षं उरली आहेत.

रस्ते सुधारायला हवेतच, आणि त्यातलं थोडं काम मी पुढे तुमच्याच गळ्यात घालणार आहे. पण 'आधी रस्ते, मग सायकल' या क्रमाने गोष्टी क्वचितच घडतात. नेदरलँड्सचं नाव काढलं की आपण म्हणतो, त्यांचं काय, ते जन्मजात सायकलवाले. खरं तर दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली कडेला गेल्या, रस्ते रुंद करायला जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यांत चारशेच्या वर लहान मुलं होती. स्वतःची मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, आणि त्याच्या मथळ्यावरून 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा अर्थाच्या नावाची चळवळ १९७२ मध्ये उभी राहिली. आई-बाप पोरांना घेऊन अपघाताच्या चौकांत ठिय्या देऊन बसले, गल्ल्या बंद करून मुलांना तिथे खेळायला सोडलं. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या म्हणण्याला जोर आला. आज ज्या सायकल मार्गांचे फोटो आपण एकमेकांना पाठवतो ते त्यानंतरचे. ती माणसं काही नगररचनाकार नव्हती. तुमच्यासारखीच, रोज शाळेत पोरं पोचवणारी होती.

आता आजींचं म्हणणं. त्यांचं निम्मं बरोबर आहे. ते पुणं खरंच राहिलं नाही. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की चौकातला पोलीस धरायचा, हे त्यांना आठवत असेल. १९७२ साली लूना ही मोपेड आली आणि सायकलवाल्यांचा एकेक करून पाय पेडलवरून सुटत गेला. पण त्या काळचा रस्ता बरा होता तो माणसं जास्त सभ्य होती म्हणून, असं मला वाटत नाही. जुन्या पेठांतल्या माणसाला संयमी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा चहूकडे सायकलीच असायच्या, त्यामुळे मोटार चालवणाऱ्याला त्यांना धरूनच चालवावं लागायचं. पीटर जेकबसन नावाच्या अभ्यासकाने २००३ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या शहरांचे आकडे मांडून हेच दाखवलं होतं, की जिथे पायी आणि सायकलने जाणारे जास्त, तिथे त्यांच्यातल्या एकेकाला असलेला धोका कमी. म्हणजे तुमच्या लेकीसोबत त्या दोघी-तिघी असणं ही निव्वळ मजेची गोष्ट नाही. चौघी एका ओळीत चालल्या तर टेम्पोवाल्यालाही दिसतात. एकटी सायकल नजरेतून सुटते.

शिवाय सायकल पुण्यातून गेलेली नाही. ती फक्त आपल्या नजरेतून गेली आहे. तुमच्या दारात पेपर टाकणारा मुलगा, सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन, बांधकामावरचा गवंडी यांतले कितीतरी जण रोज याच कर्वे रस्त्याने, याच पौड रस्त्याने सायकल मारतात. त्यांच्यासाठी कोणी 'रस्ते सुधारले की मग' म्हणत नाही, कारण त्यांना दुसरा पर्यायच नाही. रविवारी पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघणारे दिसतात, त्यांचं कौतुकही होतं. पण पोटासाठी सायकल चालवणारा माणूस आपल्या हिशोबात कुठेच नसतो. तुमच्या मुलीसाठी जो चौक सुधारेल तो त्यांच्यासाठीही सुधारेल, एवढं मनात असू द्या.

मग तुमची भीती. ती खरी आहे, आणि 'घाबरू नका' असलं काही मी लिहिणार नाही. पण तिच्यात दोन वेगळ्या भीती मिसळल्यात, त्या सुट्या करू. एक म्हणजे लेकीला काही होईल ही. दुसरी, झालं तर सगळे मला विचारतील ही. तुमचं पत्र पुन्हा वाचा. दुसरी वरचढ आहे. गाडीतून जाताना अपघात झाला तर लोक म्हणतील नशीब. सायकलवर झाला तर म्हणतील, आईने पाठवलीच कशाला. अंतिम शब्द बाबांचा आणि दोष मात्र आईचा, ही वाटणी तुमच्याच घरात आहे असं नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की हा निर्णय तुम्ही एकट्याने घेऊच नका. तुम्ही, बाबा आणि मुलगी, तिघांनी बसून अटी ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे उतरून चालायचं, पोचल्यावर कसं कळवायचं, कुठल्या दिवशी सायकल काढायची नाही. अटी तिघांच्या असल्या की जबाबदारीही तिघांची होते.

पहिल्या भीतीकडे येऊ. रस्ता म्हणजे घरापासून शाळेपर्यंत सगळीकडे सारखाच धोका, असं नसतं. माणूस मरतो तो वेगाने आणि वजनाने. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीची धडक म्हणजे साधारण दहा मीटरवरून, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं. वेग ३० असेल तर तोच हिशोब साडेतीन मीटरवर येतो. फरक एवढा मोठा आहे म्हणूनच रस्ते सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे कमाल वेग ३० ठेवा असं म्हटलं आहे. तुमच्या कामाचा भाग असा, की कोथरूड ते डेक्कन या वाटेवर ५० चा वेग कुठे मिळतो आणि कुठे मिळूच शकत नाही, हे शोधून काढायचं.

तुमच्या डोक्यातला नकाशा गाडीचा आहे. डेक्कनला जायचं म्हणजे कर्वे रस्ता किंवा पौड रस्ता, कारण गाडी तिकडूनच जाते. सायकलचा नकाशा निराळा. मयूर कॉलनीच्या आतले रस्ते, एरंडवण्यातल्या गल्ल्या, प्रभात रस्त्याच्या आडव्या गल्ल्या, जिथे झाडं आहेत, वळणं आहेत आणि गाडीला तिसऱ्या गिअरच्या पुढे जाता येत नाही. पाच-सात मिनिटं जास्त लागतील. एवढं केलं तरी मोठा रस्ता कुठेतरी एकदा-दोनदा ओलांडावाच लागणार, आणि नळस्टॉपसारख्या चौकात सकाळी पावणेसातला काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे चार किलोमीटरमधल्या खऱ्या अवघड जागा दोन, फार तर तीन. 'पुण्यातली वाहतूक' या राक्षसाशी तुम्हाला भांडायचंच नाही. या दोन-तीन जागांचं काय करायचं, एवढंच ठरवायचं आहे.

एखाद्या रविवारी पहाटे तुम्ही दोघी सायकली काढा. हो, तुम्हीही. माळ्यावर असेल तर दुरुस्त करून घ्या, नाहीतर शेजारून मागून आणा. वाट दोघींनी मिळून ठरवा, पण पुढे तिला असू द्या आणि तुम्ही मागे. ती खांद्यावरून मागे बघते का, वळायच्या आधी हात दाखवते का, स्पीडब्रेकरवर वेग कमी करते का, हे मागूनच दिसतं. सोसायटीच्या आवारात गोल-गोल चालवता येणं आणि रस्त्यावर चालवता येणं यांत केवढा फरक आहे ते तुम्हाला पहिल्याच फेरीत कळेल. नंतर शाळेच्या खऱ्या वेळेला, कामाच्या दिवशी, पुन्हा दोघी. मग मैत्रिणींबरोबर. बाबांना या फेऱ्यांतल्या एकीला तरी ओढून न्या. घरात बसून वाद घातलात तर ते कधीच मानणार नाहीत. मुलगी चौकात कशी थांबते ते डोळ्यांनी बघितलं तर कदाचित मानतील.

काही गोष्टी तिला तोंडी सांगून भागणार नाही, रस्त्यावर उभं राहून दाखवाव्या लागतील. सगळ्यात महत्त्वाची अशी, की सिग्नलला थांबलेली पीएमपीची बस, पाण्याचा टँकर किंवा सिमेंटचा मिक्सर यांच्या डाव्या बाजूच्या फटीत कधीही शिरायचं नाही. जागा दिसते, मोह होतो, पण तिथे असलेली सायकल ड्रायव्हरला आरशात दिसत नाही, आणि तो डावीकडे वळला तर मागचं चाक आतून येतं. त्याच्या मागे थांबायचं. शाळेला दोन मिनिटं उशीर झाला तर झाला. दुसरं, उभ्या गाड्यांना घासून जायचं नाही. दार उघडलं तर लागणार नाही इतकं अंतर सोडायचं. मग मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. रस्त्याच्या अगदी कडेने, गटाराच्या झाकणांवरून आणि वाळूवरून सायकल हाकणं सुरक्षित, असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. कडेला चिकटून गेलं की मागच्याला वाटतं अजून जागा आहे, आणि तो कट मारून जातो. तिसरं, मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर वाहनांच्या मधोमध उजवीकडे सरकत बसायचं नाही. सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं, सायकलचं तोंड फिरवायचं आणि त्या दिशेचा सिग्नल सुटला की पुन्हा सरळ जायचं. दोन सिग्नल लागतात, पण जिवाला घोर नाही. अगदीच गर्दी असेल तर उतरून, हातात धरून, झेब्रावरून. त्यात कमीपणा नाही. आणि राँग साइड नाही, कितीही जवळचा रस्ता असला तरी.

सायकलबद्दल एक राग मनात आहे तो इथे काढते. दुकानात गेलात की नववीच्या मुलीला जाड टायरची, पुढे-मागे शॉकॲब्झॉर्बरची, जड सायकल दाखवतील. तिला मडगार्ड नसतो, कॅरिअर नसतं, कधीकधी स्टँड आणि घंटीही वेगळी विकत घ्यावी लागते. डोंगरात उड्या मारायची सायकल, आणि आमची पोर जाणार शाळेत, पाठीवर सात-आठ किलोचं दप्तर घेऊन. साधी, हलकी, मडगार्ड आणि कॅरिअर असलेली घ्या. सीटवर बसल्यावर चवड्यांनी जमिनीला टेकता आलं पाहिजे, 'पुढच्या वर्षीही चालेल' म्हणून मोठी घेऊ नका. दप्तर पाठीवर नको, हँडलला तर मुळीच नको, कॅरिअरला रबरी पट्ट्याने बांधायचं. ओढणी आणि सैल पायघोळ चेनमध्ये अडकतात, हे तुम्हाला सांगायला नको. मागे लाल दिवा, पुढे पांढरा. पावसात रिमला धरणारे ब्रेक उशिरा लागतात आणि झेब्राचा पांढरा रंग, लोखंडी झाकणं निसरडी होतात, म्हणून पावसाळ्यात वेग निम्मा. फार मुसळधार असेल त्या दिवशी रिक्षावाले काका आहेतच. सायकलने जाणं म्हणजे व्रत नव्हे, की एक दिवस चुकला तर मोडलं.

हेल्मेट घालू द्या. पडल्यावर डोकं वाचवतं. कायद्याने सायकलस्वाराला ते सक्तीचं नाही आणि टँकरपुढे त्याचा उपयोग नाही, म्हणून 'हेल्मेट घातलंय ना, मग झालं' असं समजू नका. हेल्मेटवर घरात जितका वेळ वाद होतो त्याच्या निम्मा वेळ ब्रेकच्या वायरी तपासण्यावर गेला तर बरं होईल.

मुलगी म्हणून जी भीती असते, तिच्याबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहून खोडली आहे. खोडलेली असली तरी वाचता येते. दुचाकीवरून कोणी मागे लागलं, काही बोललं, तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं. घराकडे सुसाट निघायचं नाही. उघड्या दुकानापाशी, मेडिकलपाशी थांबायचं, आत जायचं, नंबर टिपायचा, ११२ ला फोन करायचा. वाटेवरची अशी दोन-तीन दुकानं तिला दाखवून ठेवा, दुकानदारांशी ओळख करून द्या. आणि तिला हे पक्कं माहीत असू द्या, की तिने असं काही घरी सांगितलं तर शिक्षा म्हणून सायकल बंद होणार नाही. नाहीतर ती सांगणारच नाही. ही सगळ्यांत मोठी जोखीम, आणि ती रस्त्यावर नसते, घरात असते.

आता बाबांची स्कूटर. त्यांना वाटतं, अठरापर्यंत गाडीत बसवून सुखरूप ठेवू आणि मग स्कूटर देऊ. पण मग ही मुलगी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर उतरणार ती थेट ५०-६० च्या वेगावर, आणि तोवर तिने रस्ता पाहिला असेल तो मागच्या सीटवर, हातातल्या मोबाइलच्या वरून. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, आणि त्यांत सुमारे ४४ टक्के मोटारसायकल-स्कूटरवरची होती. दुचाक्या रस्त्यावर जास्त आहेत म्हणून हा आकडा मोठा दिसतो हे खरं, तेव्हा त्यावरून सायकल अमुक पट सुरक्षित असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण स्कूटर म्हणजे सुरक्षित आणि सायकल म्हणजे धोका, ही जी मांडणी तुमच्या घरात गृहीत धरली आहे तिला या आकड्यात आधार नाही. सायकलवर ताशी १२-१५ च्या वेगाने जे शिकता येतं, म्हणजे समोरच्या रिक्षाच्या चाकावरून ती वळणार हे ओळखणं, थांबलेल्या बसमधून कोण उतरेल याचा अंदाज घेणं, ते शिकून मग स्कूटरवर बसलेली मुलगी जास्त शहाणी.

आणि अठरा म्हणताना बाबा अठराला खरंच थांबणार आहेत ना, तेही विचारा. अकरावी-बारावीच्या क्लासबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघितल्या की शंका येते. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि बाजारात दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास अशी तरतूद आहे. हे बाबांना घाबरवायला नव्हे. पण ज्या समाजात सोळा वर्षांच्या पोराच्या हातात स्कूटरची किल्ली सहज जाते आणि चौदा वर्षांच्या मुलीला सायकल नाकारली जाते, तिथे भीतीचा काटा नेमका कुठे अडकलाय हे बघायला हवं.

एक प्रश्न तुम्हालाही विचारते, राग मानू नका. सकाळी शाळेच्या गल्लीत जी कोंडी होते ती कोणाची असते? तुमच्या-आमच्या गाड्यांचीच. एका मुलासाठी एक मोटार, दुहेरी पार्किंग, उशीर झाला म्हणून मारलेला वेग, मागे न बघता उघडलेलं दार. शाळेसमोरचा शेवटचा शंभर मीटरचा पट्टा पोरांना धोकादायक करतात ते पोरांना सुरक्षित पोचवायला आलेले पालक. म्हणून सुधारणेला सुरुवात तिथून करा. महापालिकेचीही वाट बघायला नको. शाळेच्या विद्यार्थी वाहतुकीसाठी राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक, पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचा माणूस तिच्यात असतो. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते आणि बसच्या फीपलीकडे काही बोलत नाही. तिची बैठक मागा. मागणी छोटी ठेवा : शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी अर्धा तास त्या गल्लीत मोटारी आणायच्या नाहीत, पालकांनी कोपऱ्यावर सोडायचं. लक्ष्मी रस्त्यासारखा रस्ता महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद करू शकते, तर शाळेच्या गल्लीला अर्धा तास जड नाही.

वाटेवरच्या अवघड जागांसाठी महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय. 'सायकल मार्ग करा' असा अर्ज देऊ नका, तो फायलीत जाऊन निजेल. जागा सांगा, वेळ सांगा, फोटो जोडा : अमुक चौकात झेब्रा पुसला आहे, अमुक वळणावर गाड्या फार वेगात वळतात म्हणून कोपरा अरुंद करा, अमुक ठिकाणी झाकण खचलं आहे, अमुक फूटपाथवरचे खांब असे लावलेत की सायकल अडते आणि दुचाकी मात्र आरामात चढते. पुण्यात नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात, २००६ च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली. उंचावलेला झेब्रा, दिवे, सायकल स्टँड असली कामं त्यात बसण्यासारखी आहेत. साधारण पावसाळ्यात अर्ज मागवतात, तेव्हा लक्ष ठेवा आणि त्या दोघी-तिघींच्या पालकांनाही एकाच कामासाठी अर्ज करायला सांगा. कायद्याचा आधार लागला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९८-अ आहे : ठरलेल्या निकषांप्रमाणे रस्ता केला नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे. पण अर्जात कलमाचा आकडा असला की अर्ज जरा सरळ बसून वाचतात.

मागताना एवढं भान ठेवा, की सायकल मार्ग म्हटलं की अधिकाऱ्यांना हौशी फेरफटकाच आठवतो. मुंबईत पवई तलावाच्या काठाने असा मार्ग करायला घेतला होता, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं. तलावाचं नुकसान हा मुद्दा होताच, पण मला कायम वाटतं, त्या मार्गाने किती जण कामाला किंवा शाळेला जाणार होते? तुम्हाला हवं आहे ते घर ते शाळा. तिथे रंगीत पट्टा नसला तरी चालेल, गाड्यांचा वेग उतरला पाहिजे.

एवढं सगळं करूनही बाबा नाही म्हणाले तर? मग पूर्ण वाटेचा हट्ट सोडा आणि तुकडा मागा. सकाळी गाडी, दुपारी सायकल असं जमत नाही, कारण सायकल शाळेत पोचायला हवी. पण मैत्रिणीकडे, क्लासला, वाचनालयात, भाजी आणायला, कॉलनीच्या आतल्या आत सायकलच, असं ठरवता येतं. दिवाळीपर्यंत तिला ती सवय झाली आणि बाबांच्या डोळ्यांना ते चित्र सवयीचं झालं, की जानेवारीत हा विषय पुन्हा काढा.

जाता जाता, शाळेत सायकल लावायला जागा आहे का हे आजच विचारून घ्या. अनेक शाळांतले जुने सायकल स्टँड आता शिक्षकांच्या आणि संस्थेच्या मोटारींखाली गेले आहेत. शाळेने 'जागा नाही' म्हटलं, तर आवारात उभ्या असलेल्या मोटारी मोजा. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात, हा हिशोब परिवहन समितीच्या पहिल्याच बैठकीत मांडा.